दाराची बाब

॥ श्री ॥

मुक्काम अल-घुब्रा, मस्कत
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

तीर्थरूप आबांचे सेवेशी,

बालकाचा शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. येथील सर्व मंडळी आपल्या आशीर्वादाने क्षेमरूप आहेत. आपल्याकडील कुशल कळवीत असावे.

गेल्या महिन्यातील एका शुक्रवारी फोनवर चित्रासह आपले दर्शन घडत असता, आमच्या स्वयंपाकघरात उभ्या असलेल्या एका अपरिचित इसमाने "साहब, कब्जा बाहर से लगेगा" असे उद्गार उच्चरवाने काढले, ते आपल्या कानी पडले, आणि दुसऱ्याच क्षणी आपली मुद्रा अशी काही पालटली की, त्यानंतर जो संपर्क तुटला तो यंत्राच्या दोषाने तुटला की आपण होऊन तोडलात, याचा निर्णय मला अद्याप करता आलेला नाही. पुढे दादाने कळविले की, त्या रात्री आपण ओटीवर येरझारा घातल्यात, आणि परमुलुखात भाडेकरूच्या राहत्या जागेचा कबजा तिऱ्हाइताने घेतल्यास दाद कोणत्या दरबारी मागावी, याची विचारपूस करण्यासाठी सकाळी चहाही न घेता वकिलांच्या घरी गेलात. तरी सर्वप्रथम खुलासा करतो की, आमच्या घराचा कबजा कोणीही घेतलेला नाही. तो इसम दारे बसविणारा कारागीर असून उत्तर प्रदेशाकडील आहे, आणि त्याच्या मुलुखात बिजागरीला 'कब्जा' म्हणतात. ज्या शब्दाने आपल्या कचेरीत भाऊबंदांच्या तीन-तीन पिढ्या झिजल्या, तो शब्द तिकडे चार स्क्रूंनी चौकटीला ठोकतात.

हा खुलासा मी फोनवर करू पाहिला. परंतु "जे काय असेल ते लेखी कळव" असा आपला हुकूम झाल्याचे आईने सांगितले. छत्तीस वर्षे ज्यांनी संगमेश्वर तालुक्याच्या कचेरीत, म्हणजे संगमेश्वरात नसून देवरुखास असलेल्या कचेरीत, अव्वल कारकुनी केली, त्यांना तोंडी मजकूर मान्य होणार नाही हे ओघानेच आले. म्हणून सदर बाबीची साद्यंत हकीकत खाली नमूद करीत आहे.

'बाब' हा शब्द मी येथे जाणून-बुजून योजला. आबा, आपल्या दप्तरातले निम्मे शब्द फारसीच्या गाडीत बसून ज्या मुलुखातून आपल्याकडे आले, त्या मुलुखाच्या एका टोकाला मी राहतो आहे, आणि रोज माझ्या ध्यानात येते की वाटेत त्या शब्दांच्या गाठोड्यांची अदलाबदल झालेली आहे. अरबीत 'बाब' म्हणजे दार. आणि 'दार' असा उच्चार केला तर अरबाला त्यातून घर हा अर्थ कळतो. म्हणजे आपले दार ते यांचे घर, आणि यांचे दार ती आपली बाब! 'हरकत' या शब्दाचा मूळ अर्थ हालचाल, चलनवलन. आपण मात्र दुसऱ्याच्या हालचालीत घातलेल्या खोड्याला हरकत म्हणतो. आमच्या घरमालकांना जुन्या पिढीतील पुष्कळ ओमानी लोकांप्रमाणे कामापुरते हिंदी येते, त्यांना मी नम्रपणे "दरवाजा बदलायला हरकत नाही ना?" असे दोन्ही भाषांची भेसळ करून विचारले, तेव्हा त्यांनी पुढे होऊन ते कुजके दार दोन बोटांनी ढकलून पाहिले, ते करकरत हलले, आणि ते मोठ्या समाधानाने म्हणाले, "है, है, बहुत है." कुलूप तेवढे दोन्हीकडे कुलूपच राहिले, अरबीतील 'कुफ्ल'मधल्या दोन व्यंजनांनी समुद्रप्रवासात जागा बदलल्या, इतकेच. आणि बिजागरी? ती पोर्तुगीजांची देणगी असे सांगतात. अरबांनी त्यांच्याकडून मस्कत १६५० साली सोडवून घेतले, चिमाजीअप्पांनी वसई १७३९ साली घेतली; पोर्तुगीज गेले, बिजागरी मात्र आपण ठेवून घेतली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. आमच्या स्वयंपाकघराचे बाहेर उघडणारे, म्हणजे घराबाहेर जाण्याचे — पाहा, येथेच घोटाळ्याला आरंभ होतो. 'बाहेरचे दार' म्हटले तर बाहेर असलेले, की बाहेर नेणारे, की बाहेरच्या अंगाला उघडणारे, हे मराठी भाषा पोटात ठेवते — ते लाकडी दार खालच्या अंगाने, वर्षानुवर्षे मोरीचे पाणी पिऊन, भिजल्या पावासारखे फुगले व नंतर गळून पडू लागले. घरमालकांनी उदारपणे अॅल्युमिनियमचे नवे दार स्वखर्चाने देण्याचे कबूल केले. परंतु असले दार वाडी-कबीरच्या कारखान्यात चौकटीसकट तयार होऊन येते, आणि ते आत उघडायचे की बाहेर, डावे की उजवे, हे माप देतानाच सांगावे लागते. एकदा घडले की घडले. आपल्याकडच्या सुताराप्रमाणे रंधा घेऊन दुपारभर बसावे, चहा प्यावा, आणि संध्याकाळी मत बदलावे, अशी सोय त्यात नाही.

दाराची चतुःसीमा आपल्या सवयीस अनुसरून देतो. दार पश्चिमेच्या भिंतीत. आतल्या अंगाने उत्तरेस शीतकपाट, दक्षिणेस ओट्याचे टोक. बाहेर घर आणि आवाराची भिंत यांमधला पाच फुटी बोळ, त्यात दाराच्या दक्षिणेस गॅसची टाकी — येथे ती घराबाहेर ठेवून नळी भिंतीतून आत घेण्याची चाल आहे — आणि उत्तरेस कोरी भिंत, नळ, व त्याही पलीकडे आवाराचे फाटक. दाराची रुंदी तीन फूट. एवढ्या क्षेत्रावर, आबा, तीन आठवडे खटला चालला.

मी आत उघडण्याच्या पक्षाचा. माझे म्हणणे असे की, सभ्य मनुष्याच्या घराचे दार आत उघडते. यजमान दार उघडताना एक पाऊल मागे सरतो, त्या मागे सरण्यातच "या, बसा" हे अर्धे बोलून होते. याउलट बाहेर उघडणारे दार पाहुण्याच्या छातीवर चालून जाते व त्यालाच मागे हटविते. शिवाय अडसर घालावयाचा तर दार आतच उघडले पाहिजे, कारण दाराआड आडवे लाकूड घालून भिंतीच्या दोन्ही खोबणींत अडकविले की बाहेरून हत्ती आला तरी त्याला लाकूड मोडावे लागते. दार बाहेर उघडत असते तर अडसराला त्याने विचारलेही नसते. आणि तिसरे म्हणजे, दार बाहेर उघडले की बिजागऱ्या बाहेर येतात, व त्यांचा खिळा ठोकून काढला की कुलूप जागच्या जागी शाबूत राहून चोर दुसऱ्या बाजूने घरात दाखल होतो. या तिन्ही मुद्द्यांच्या पुष्ट्यर्थ मी देवरुखच्या आपल्या परसदाराचा दाखला दिला, आणि तो दाखला या खटल्यात मी इतक्या वेळा दिला की धाकटी तो माझ्याआधी म्हणू लागली.

आपल्या सूनबाई बाहेर उघडण्याच्या पक्षाच्या. त्यांनी माझे म्हणणे शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "स्वयंपाकघराच्या दाराने पाहुणा कोण येतो?" मला आठवून पाहता गॅसवाला, वीस लिटरच्या पाण्याच्या बाटल्या आणणारा पोऱ्या, आणि मांजर, एवढेच आठवले. बिजागरीच्या खिळ्याबद्दल कारागिराने सांगितले की, तो दोन्ही टोकांना ठोकून बसवितात, निघत नाही. तो मुद्दा तेथेच खारीज झाला. मग त्यांनी हिशेब मांडला. दोन्ही हात गुंतलेले असताना माणूस या दाराने बाहेर जातो तो धुण्याची बादली, कचऱ्याची पिशवी, वाळवणाचे ताट घेऊन, आणि अशा वेळी दार कमरेने ढकलता आले पाहिजे. आत येताना हात गुंतलेले असतात ते आठवड्यातून दोनदा, बाजाराच्या पिशव्यांनी, "आणि त्या तुम्ही आणता," असे म्हणून त्यांनी तो भाग हिशेबातून वगळला.

मांजराचा उल्लेख वर ओझरता केला, तो अन्यायाचा होईल. मस्कत हे मांजरांचे शहर आहे. माणसे येथे कामानिमित्त असतात, मांजरे वतनदार आहेत. आम्ही शुक्रवारी पहाटे मत्रहच्या मासळीबाजारातून सुरमई आणतो, ज्यास हे लोक 'कनअद' म्हणतात, आणि ती पिशवी मोटारीतून उतरण्यापूर्वीच एक पिवळा बोका आमच्या उंबऱ्याशी येऊन, दौऱ्यावर आलेल्या सर्कल इन्स्पेक्टराच्या थाटात बसतो. जुने दार आत उघडत असे व त्याची कडी सैल होती. बोका केवळ अंग टेकून ते उघडीत असे. बाहेर उघडणारे दार मात्र ओढावे लागते, आणि ओढण्याची विद्या मार्जारकुलात अद्याप अवतरलेली नाही. हा मुद्दा निरुत्तर करणारा होता, म्हणून मी त्याला उत्तर दिले नाही.

आत्याबाईंनी पुण्याहून कळविले की दार आत उघडावे, म्हणजे लक्ष्मी आत येते. त्यावर सूनबाईंनी अत्यंत आदराने विचारले की, ज्या दाराने रोज केर बाहेर जातो, त्या दाराने लक्ष्मीला बोलावणे बरे दिसेल का? आत्याबाईंचे उत्तर अद्याप आलेले नाही. थोरलीने शाळेतून एक भयंकर गोष्ट आणली: ३० डिसेंबर १९०३ रोजी शिकागो शहरातील इरोक्वॉय नाट्यगृहाला खेळ चालू असता आग लागली, काही दारे कुलूपबंद होती, काही आत उघडणारी होती, लोकांचा लोंढा दारावर असा कोसळला की दार आत ओढण्यास जागाच उरली नाही, आणि सहाशेंहून अधिक माणसे प्राणास मुकली, सार्वजनिक इमारतींची दारे बाहेर उघडली पाहिजेत हा दंडक त्यानंतर अधिक कडक झाला. ऐकून आम्ही सारेच गप्प झालो. काही वेळाने मी म्हटले की आपल्या स्वयंपाकघरात प्रेक्षक चारच असतात; पण म्हणताना आवाजात पूर्वीचा जोर नव्हता.

तरीही मी हार मानली नव्हती. पुढच्या शनिवारी सर्वांना घेऊन निझव्याचा किल्ला पाहण्यास गेलो, आणि खरे सांगतो, त्यात माझा कावा होता. सतराव्या शतकात इमाम सुलतान बिन सैफ याने बांधविलेला तो प्रचंड वाटोळा बुरूज म्हणजे दार कसे असावे याचा पाठच आहे. अरुंद जिना वळणे घेत वर चढतो, आणि प्रत्येक वळणावर एक जाड लाकडी दार. भल्या थोरल्या दरवाजाला आपल्या वाड्यांसारखी दिंडी, जीतून शिरताना शत्रूलाही मान लववावी लागते. रायगडाचा महादरवाजा जसा दोन बुरुजांच्या कुशीत दडविला आहे, समोर येऊन उभे राहीपर्यंत दिसत नाही, त्याच जातीची ही बुद्धी. मी उत्साहाने मुलींना दाखवीत होतो, "पाहा, हे आत उघडते, तेही आत उघडते," इतक्यात सूनबाईंनी वर बोट केले. प्रत्येक दाराच्या माथ्यावर छतात एक चीर ठेवलेली आहे. दारापाशी शत्रू आला म्हणजे त्या चिरेतून त्याच्यावर उकळता खजुराचा पाक ओतीत. खजुराची पोती ज्या कोठारात रचून ठेवीत त्याच्या जमिनीला पन्हळी आहेत. वरच्या पोत्यांच्या भाराने खालच्या खजुरातून रस आपोआप गळतो व पन्हळीतून रांजणात जमतो. एरवी तो भाकरीशी खावा, आणि प्रसंग पडल्यास शत्रूच्या डोक्यावर घालावा! सूनबाई म्हणाल्या, "म्हणजे तुमच्या आत उघडणाऱ्या दारासाठी, वर पाकाचे पातेले घेऊन एक माणूस कायमचा उभा ठेवावा लागतो. तो कोण राहणार, ते आताच ठरवू." परतीच्या वाटेवर मी मोटार चालविण्यात लक्ष घातले.

अखेरचा पुरावा त्यांनी, मुरब्बी वकील ठेवतो तसा, राखून ठेवला होता. उन्हाळ्यात येथे पश्चिमेकडून, वाळवंटावरून, भट्टीचे तोंड उघडावे असा कोरडा वारा सुटतो. त्याला 'गर्बी' म्हणतात, म्हणजे पश्चिमेचा. आमचे दार पश्चिमेस. आत उघडणारे दार या वाऱ्याच्या धक्क्याने चौकटीपासून सुटू पाहते व फटीतून धुळीसकट उष्मा आत येतो; बाहेर उघडणारे दार त्याच वाऱ्याच्या दाबाने चौकटीवर अधिकच घट्ट बसते, म्हणजे वारा जितका जोराचा तितका तोच दार धरून ठेवणारा. चक्रीवादळांच्या मुलुखात म्हणूनच बाहेर उघडणारी दारे पसंत करतात. घरमालक आजही जून २००७ मधील 'गोनू' वादळाच्या गोष्टी सांगतात, कुरुम भागातून पाण्याचे लोंढे मोटारी वाहून कसे नेत होते ते सांगतात. तो अनुभव आमच्या वाट्याला आला नाही. परंतु ऑक्टोबर २०२१ मध्ये 'शाहीन' वादळ बातिनाच्या किनाऱ्यावर चढले त्या रात्री मस्कतेतही सोसाट्याचा वारा व पाऊस होता. "त्या रात्री हे आत उघडणारे दार कोणी धरून ठेवले होते?" असा प्रश्न आला. दार धरून ठेवले होते बासमतीच्या दोन पोत्यांनी, आणि त्या पोत्यांवर बसलेल्या मी. जेथे वर्षाकाठी सरासरी शंभर मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, जो देवरुखास श्रावणातील एखाद्या दुपारी सहज पडून जातो, तेथे माझ्या आयुष्यातील सर्वांत ओली रात्र मी तांदळावर बसून काढली, ही गोष्ट आपणांस कळविण्याचे तेव्हा राहून गेले होते.

तथापि घर घरमालकांचे. अंतिम मंजुरी त्यांची. शुक्रवारी नमाजानंतर त्यांनी आम्हांस वरच्या मजल्यावर मजलिशीत बोलाविले. वेलदोड्याची कडू कॉफी आणि खजूर यांची एक फेरी झाल्याशिवाय येथे कोणतेही काम सुनावणीस निघत नाही. त्यांचे वडील झांजिबारचे. १९६४ च्या क्रांतीनंतर ते ओमानात परतले. तेथील जुन्या घरांच्या दारांना म्हणे पितळेचे टोकदार खिळे असत, आपल्या शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाला आहेत तसे. ती चाल हिंदुस्थानातून गेली, कारण हिंदुस्थानात दारावर हत्ती घालीत. झांजिबारच्या गल्लीत हत्ती कधी आला नाही, परंतु खिळे शेवटपर्यंत ठोकीत राहिले. मग जुन्या मस्कतची आठवण निघाली. १९७० पर्यंत सूर्यास्तानंतर तीन तासांनी तोफ होऊन शहराचे दरवाजे बंद होत, आणि त्यानंतर रस्त्याने जाणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. मी त्यांना रायगडाच्या हिरकणीची कथा सांगितली. दरवाजा बंद झाला म्हणून तान्ह्या मुलासाठी ती कडा उतरून गेली, हे ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि मग त्यांनी माझ्या पेल्यात आणखी कॉफी ओतली.

एवढ्या विस्तृत चर्चेनंतर निर्णय त्यांनी एका वाक्यात दिला, आणि त्याचे कारण आमच्यापैकी कोणाच्याही डोक्यात आलेले नव्हते. ते म्हणाले, दार बाहेर उघडावे आणि बिजागरी फाटकाच्या बाजूला ठेवावी. म्हणजे दार उघडे असताना त्याची झडप फाटकातून येणाऱ्याच्या आणि स्वयंपाकघराच्या मध्ये आडोशासारखी उभी राहते, आणि घरातल्या बायकांना दार उघडे टाकून मोकळेपणी काम करता येते. त्यांच्या दृष्टीने दार हा भिंतीचा हलणारा तुकडा होता, आणि कोणी आत-बाहेर जाण्यापेक्षा तो तुकडा कोणाच्या दृष्टीआड काय करतो, एवढाच प्रश्न होता. आणि मौज अशी की वाऱ्याचा हिशेबही तेथेच जुळला. बोळातून समुद्राकडचा वारा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. दक्षिणेस बिजागरी लावली असती तर त्याने दार हिसकून गॅसच्या टाकीवर आपटले असते. उत्तरेस लावल्याने फार तर ते आमच्या तोंडावर मिटेल. दोन्हींतले दुसरे बरे, असे सूनबाईंचे मत पडले.

आता फक्त डावे-उजवे लिहून देणे राहिले, आणि आबा, येथेच आमच्या संसारातील सर्वांत निष्कारण भांडण झाले. कारागिराने कागदपेन्सिल काढून विचारले, "लेफ्ट का राइट?" सूनबाई ओट्याशी होत्या, त्या म्हणाल्या, "उजवे." मी बोळात टाकीशी उभा होतो, मी म्हटले, "डावे." त्या म्हणाल्या, आताच तर ठरले, पुन्हा फाटे कशाला फोडता? मी म्हटले, फाटे मी फोडीत नसून मालकांचा निर्णय अंमलात आणीत आहे. हे पाऊण तास चालले, त्यात लग्नातल्या मानपानाचेही दोन विषय येऊन गेले. शेवटी धाकटीने जमिनीवर खडूने, नकाशात दाखवितात तसा, दाराचा पाव वर्तुळाचा फेरा काढला, ती त्याच्या मध्यावर उभी राहिली, एकदा आईकडे तोंड करून व एकदा बापाकडे, आणि म्हणाली, "तुम्ही दोघेही एकच सांगताय." आतून पाहणाऱ्याचे उजवे ते बाहेरून पाहणाऱ्याचे डावे. त्या पोरीचे कौतुक करावे की तिला अभ्यासाला पाठवावे, हे आम्हां दोघांनाही क्षणभर सुचेना.

कारागीर मात्र शांत होता. असली भांडणे त्याला रोजची असावीत. त्याने पेन्सिल कानावर खोचली, चौकटीच्या उत्तरेच्या खांबाला पाठ लावून तो ताठ उभा राहिला, आणि स्वतःच दार होऊन एक हात बाहेरच्या अंगाला फिरविला. तो उजवा होता. "बिजागरीला पाठ लावा," तो म्हणाला, "जो हात फिरेल ते दार." त्याने कागदावर एक अक्षर लिहिले, "मा फी मुश्किला" म्हणून आश्वासन दिले, आणि गेला. अरबीत याचा अर्थ काही अडचण नाही असा होतो. परंतु मराठी कानाला तो 'माफी मुश्किल' असाच ऐकू येतो, आणि कारखान्यातून दार येईपर्यंतचे बारा दिवस मी तो दुसराच अर्थ मनात घोळवीत होतो.

दार आले. बरोबर आले. बाहेर उघडते, उत्तरेस टेकते, फाटकापासून आडोसा करते, गर्बीला दाद देत नाही, आणि बोका पहिल्या दिवशी त्याला अंग टेकून, नंतर डोके टेकून, नंतर उंबऱ्यावर बसून आमच्याकडे अशा नजरेने पाहू लागला की माझ्याच मनाला लागले. येथवर सर्व ठीक. परंतु थंडीचे दिवस, हवा सुखद. दार उघडे ठेवावे तर माश्या येतात. तेव्हा जाळीचे दुसरे दार हवे असे ठरले. ते माझ्या खर्चाने. (अठ्ठावीस रियाल, रियालाचे हजार 'बैसा' होतात, आणि हा बैसा म्हणजे आपला पैसाच, हे मी आपणांस मागे लिहिलेच होते.) एकाच चौकटीत दोन दारे बाहेर उघडू शकत नाहीत, बाहेरचे बाहेर, तर जाळीचे आतच उघडले पाहिजे. अशा रीतीने माझा पक्ष उशिरा का होईना विजयी झाला, आणि मी त्या दिवशी बाजारातून हलवाही आणला.

परिणाम असा झाला आहे की, धुण्याची बादली घेऊन बाहेर जायचे तर प्रथम जाळीचे दार आत ओढावे लागते, त्यासाठी एक पाऊल मागे सरावे लागते, मागे शीतकपाट आहे. मग पुढे होऊन दुसरे दार बाहेर ढकलावे लागते, तोवर जाळीचे दार परत येऊन पाठीत बसते. आणि बोळातला वारा असेल तर बाहेरचे दार समोरून परत येते. अशा वेळी मनुष्य दोन दारांमध्ये बादलीसह काही काळ वास्तव्य करतो. सूनबाईंनी तिसऱ्या दिवसापासून तो मार्ग सोडला. बादली आता बैठकीतून, पुढच्या दाराने, घराला पूर्ण वळसा घालून बोळात जाते, आणि बहुतेक वेळा ती मी नेतो. बोका हे पाहून पुढच्या दाराशी येऊन बसू लागला आहे.

आई जानेवारीत इकडे येणार, तिच्या प्रवेशपरवान्याची तजवीज चालू आहे. तिला या दाराची रीत आधी समजावून सांगावी. आपण येण्याचे मनावर घ्याल तर आनंद होईल. येथे मत्रहच्या बाजारात जुन्या कुलपांचे एक दुकान आहे, ते आपणांस दाखवावे असे फार दिवस मनात आहे. आत्याबाईंस, दादा-वहिनींस नमस्कार. मुलांस अनेक आशीर्वाद. कळावे.

आपला आज्ञाधारक,
बाळ

ता. क. — एक किरकोळ बाब राहिली. थोरलीला काल जुन्या छायाचित्रांत आपल्या देवरुखच्या परसदाराचे एक चित्र सापडले. दिवाळीतले आहे, आई उंबऱ्यावर, मागे विहीर, आणि दाराची झडप बाहेरच्या भिंतीला टेकलेली दिसते. ती सावली असावी असे माझे म्हणणे आहे. सूनबाई काही बोलत नाहीत, चित्र मात्र शीतकपाटावर चिकटविले आहे. तरी कृपा करून, आईला न विचारता, स्वतः उठून परसदारी जावे व ते दार आत उघडते की बाहेर याची समक्ष पाहणी करून कळवावे. आत उघडत असल्यास तारेने कळविल्यागत तातडीने कळवावे. बाहेर उघडत असल्यास उत्तराची काही घाई नाही.